माकडाचे अनुमस्तिष्क आणि हाडातील एक खळगा

आमच्या विभागाच्या अस्थिसंग्रहात ऱ्हीसस माकडाची एक जुनी कवटी आहे. तिचा वरचा भाग करवतीने कापून वेगळा केलेला असल्यामुळे आत सहज पाहता येते. दर वर्षी नवी तुकडी आली की मी ती कवटी मानवी कवटीशेजारी ठेवतो आणि विद्यार्थ्यांच्या हातात एक मऊ तार देतो. दोन्ही कवट्यांत, कानाच्या बाजूला, शंखास्थीचा दगडासारखा कठीण भाग आतल्या पोकळीत पुढे आलेला दिसतो. श्रवणाची चेता ज्या छिद्रातून आत जाते, ते छिद्र दोन्हींत सापडते. मात्र त्याच्या किंचित वर आणि मागे माकडाच्या हाडात एक गोल, स्वच्छ कडांचा खळगा असतो आणि तारेचे टोक त्यात आरामात शिरते. मानवी कवटीत त्याच जागी एक बारीक फट तेवढी उरलेली असते. बहुतेक विद्यार्थ्यांना तो खळगा एखाद्या रक्तवाहिनीचा मार्ग वाटतो. प्रत्यक्षात ते मेंदूच्या एका छोट्या भागाचे घर आहे. माकडाच्या अनुमस्तिष्काची एक खंडिका देठावर पुढे येऊन त्या हाडात शिरते आणि तिथेच राहते.

माकडाचे अनुमस्तिष्क म्हणजे मानवी अनुमस्तिष्काची लहान आवृत्ती, अशी समजूत शिकवताना आणि शिकताना नकळत रुजते. ती का टिकत नाही, हे या खळग्यापासून सुरुवात केली तर चांगले समजते, असे मला इतक्या वर्षांनंतर वाटते.

आधी नावांविषयी थोडेसे. शालेय पुस्तकांमुळे 'अनुमस्तिष्क' हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. मराठी विश्वकोशात 'निमस्तिष्क' असा शब्द आढळतो आणि बोलताना आपण 'लहान मेंदू' म्हणतो. 'माकड' या शब्दाबाबत मात्र अधिक काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे गावातला माणूससुद्धा लाल तोंडाचे माकड आणि काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर यांत फरक करतो. शरीररचनाशास्त्राच्या लेखनात मात्र हा फरक पुष्कळदा पुसला जातो. 'माकडात असे आढळते' या वाक्यामागे बहुधा ऱ्हीसस किंवा त्याचा एखादा मकाक भाऊबंद असतो, कधी दक्षिण अमेरिकेतील कॅपुचिन असते, तर अलीकडे चिमुकले मार्मोसेट असते. मकाक आणि मार्मोसेट यांचे पूर्वज काही कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. त्यामुळे कोणत्या माकडाविषयी बोलत आहोत हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. मी येथे मुख्यत्वे ऱ्हीससविषयी लिहीत आहे, कारण सर्वाधिक तपशील त्याच्याविषयीच उपलब्ध आहेत. त्याचे एक कारण आपल्या देशाशी निगडित आहे. १९७८ साली भारत सरकारने निर्यात थांबवेपर्यंत पाश्चात्त्य प्रयोगशाळांत पोहोचणारी ऱ्हीसस माकडे मोठ्या प्रमाणावर उत्तर भारतातून जात असत. परदेशी नकाशासंग्रहांत ज्यांच्या मेंदूचे छेद छापले आहेत, त्यांतली कित्येक माकडे आपल्या मातीतली असणार, हा विचार ते छेद पाहताना माझ्या मनातून जात नाही.

ऱ्हीससचा मेंदू वरून पाहिला तर अनुमस्तिष्क जवळजवळ दिसतच नाही, कारण प्रमस्तिष्काचा, म्हणजे मोठ्या मेंदूचा, मागचा खंड त्याच्यावर छपरासारखा पसरलेला असतो. तो खंड उचलला की खाली आडव्या, पातळ, एकावर एक रचलेल्या घड्यांचा एक पुंजका दिसतो. या घड्यांना फोलिया म्हणतात. मधोमध पुढून मागे जाणारा पट्टा म्हणजे व्हर्मिस, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना गोलार्ध. येथेच पहिला मोठा फरक डोळ्यांत भरतो. मानवात दोन्ही गोलार्ध इतके फुगलेले असतात, की खालच्या बाजूने पाहताना व्हर्मिस त्यांच्यामधल्या दरीत बुडालेला असतो. ऱ्हीससमध्ये गोलार्धांच्या मानाने व्हर्मिस भरदार असतो आणि मागून पाहताना तो स्पष्टपणे पुढे आलेला दिसतो. मानवी अनुमस्तिष्क पाहण्याची सवय झालेल्या डोळ्याला हे प्रमाण आधी विचित्र वाटते.

वजनाच्या हिशेबात हा अवयव लहान आहे. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हाऊझेल यांनी मेंदूच्या ऊतीचे द्रावण करून त्यातील पेशींची केंद्रके मोजण्याची पद्धत विकसित केली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजणीनुसार ऱ्हीससच्या सुमारे ८७ ग्रॅम वजनाच्या मेंदूत अनुमस्तिष्काचा वाटा ८ ग्रॅमच्या आसपास भरतो. तरीही मेंदूतील एकूण सुमारे ६.४ अब्ज चेतापेशींपैकी जवळजवळ ४.५ अब्ज चेतापेशी या लहानशा भागात असतात आणि प्रमस्तिष्काच्या संपूर्ण बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, १.७ अब्ज. मानवात हेच आकडे सुमारे ६९ अब्ज आणि १६ अब्ज असे आहेत. पेशींच्या वाटणीचे प्रमाण दोघांत फारसे वेगळे नाही. पृष्ठफळाचे चित्र मात्र वेगळे आहे. २०२० साली मार्टिन सेरेनो आणि सहकाऱ्यांनी मानवी अनुमस्तिष्काचा पृष्ठभाग घडी न् घडी उलगडून मोजला, तेव्हा तो प्रमस्तिष्काच्या नव्या बाह्यकाच्या सुमारे ८० टक्के भरला. मकाकमध्ये हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास निघाले. माकडाकडून मानवाकडे येताना अनुमस्तिष्काचा पृष्ठभाग प्रमस्तिष्काच्याही पुढे धावला, असा याचा अर्थ होतो. ही वाढ सर्व भागांत सारखी नाही, आणि लहान आवृत्तीची कल्पना कोलमडते ती इथेच.

घड्यांना ओळख देण्याचे काम ज्यांनी केले, त्यांच्यातील दोघांविषयी लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. ॲम्स्टरडॅमचे लोडेवाइक बोल्क यांनी १९०६ साली सस्तन प्राण्यांच्या अनुमस्तिष्कावर ग्रंथ लिहिला. त्यांनी आरंभासाठी मानवाची निवड केली नाही, तर मादागास्करच्या लेमुराची केली, कारण त्याच्या अनुमस्तिष्कातील घड्या मोजक्या आणि सुटसुटीत आहेत. त्या साध्या आराखड्यावरून त्यांनी दाखवले, की पुढचा खंड एकसंध असतो, पण मागे गेल्यावर घड्यांची मधली साखळी आणि दोन बाजूंच्या दोन साखळ्या आपापल्या गतीने वाढतात. बाजूची साखळी आधी बाहेर वळण घेऊन फासा तयार करते, मग पुन्हा मध्याकडे येते आणि शेवटी पुन्हा बाहेर जाते. त्या फाशाची दोन अंगे म्हणजे क्रुस एक आणि क्रुस दोन, मध्याकडे परतणारा भाग म्हणजे पॅरामीडियन खंडिका आणि शेवटचे वळण म्हणजे पॅराफ्लॉक्युलस. हे चित्र एकदा मनात बसले, की ऱ्हीससचा गोलार्ध पाहताना गोंधळ होत नाही. दोरीचे वळण जसे बोटाने मागोवा घेत जावे, तसे जाता येते. मला स्वतःला अनुमस्तिष्क खऱ्या अर्थाने समजले ते बोल्क यांच्या या आराखड्यामुळे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही मी तो पहिल्यांदा शिकवतो.

दुसरे नाव अमेरिकेतील ओलोफ लार्सेल यांचे. त्यांनी पक्ष्यांच्या अनुमस्तिष्कापासून सुरुवात करून व्हर्मिसचे दहा भाग पाडले आणि त्यांना रोमन आकडे दिले. १९५३ साली त्यांनी मांजर आणि माकड यांच्यासाठी ही पद्धत सविस्तर मांडली. पहिला भाग म्हणजे अगदी पुढची लिंग्युला, दहावा म्हणजे सर्वांत मागचा नोड्यूलस. पाचव्या आणि सहाव्या भागांच्या मध्ये प्राथमिक भेग असते, तर नवव्या आणि दहाव्या भागांच्या मध्ये पश्चपार्श्व भेग. गर्भावस्थेत सर्वांत आधी उमटते ती ही दुसरी भेग, प्राथमिक म्हटलेली नव्हे. त्या त्या भागाला जोडलेल्या गोलार्धाच्या खंडिकेला लार्सेल यांनी तोच आकडा दिला आणि त्याच्या आधी एच हे अक्षर लावले. या पद्धतीचा फायदा उघड आहे. उंदीर, मांजर, माकड आणि मानव यांविषयी एकाच भाषेत बोलता येऊ लागले. १९७१ साली मॅडिगन आणि कार्पेंटर यांनी ऱ्हीससच्या अनुमस्तिष्काचा छेदवार नकाशासंग्रह काढला. त्यानंतर तर सूक्ष्मदर्शकाखालची एकेक घडी ओळखता येणे शक्य झाले.

परंतु समान आकड्यांमुळे समान वस्तू असल्याचा भास होतो, आणि हा भास मी स्वतः अनुभवला आहे. अध्यापनाच्या सुरुवातीच्या काळात मी ऱ्हीससच्या एका छेदाच्या आकृतीवर, खालच्या बाजूच्या खंडिकेवर, निःशंकपणे 'टॉन्सिल' असे लिहून टाकले होते. मानवात त्या जागी टॉन्सिल (घशातले नव्हे, याच नावाची अनुमस्तिष्काची खंडिका) असते, म्हणून येथेही असणार, इतकाच माझा विचार. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती आकृती पाहून शांतपणे विचारले, "याचा देठ कुठे जातो ते पाहिलेत का?" मी पाहिले नव्हते. त्या घडीचा मागोवा घेत गेलो, तेव्हा ती पॅराफ्लॉक्युलसची होती आणि तिचे टोक हाडाच्या दिशेने निघाले होते. लार्सेल यांच्या मते मानवी टॉन्सिल आणि माकडाचा खालचा पॅराफ्लॉक्युलस हे एकाच नवव्या भागाचे पार्श्व विस्तार आहेत, तर वरचा पॅराफ्लॉक्युलस आठव्या भागाशी संबंधित आहे. म्हणजे नाते खरे होते, पण रूप, जागा आणि शेजार वेगळे होते. पुढे नेदरलँड्सचे यान फूग्ड यांनी मस्तिष्कस्तंभातील ऑलिव्ह या केंद्रकातून (चेतापेशींच्या पुंजक्यातून) येणाऱ्या तंतूंच्या पट्ट्यांवरून दाखवून दिले, की माकडाच्या खालच्या पॅराफ्लॉक्युलसचा फ्लॉक्युलस या शेजारच्या छोट्या खंडिकेला लागून असलेला भाग जोडण्यांच्या दृष्टीने फ्लॉक्युलसचाच विस्तार आहे. पृष्ठभागावरची भेग एका ठिकाणी सीमा दाखवते आणि आतले तंतू दुसऱ्या ठिकाणी. अशा वेळी मी तंतूंवर विश्वास ठेवतो.

आता त्या खळग्याकडे परत येऊ. पॅराफ्लॉक्युलसचा जो भाग हाडात शिरतो, त्याला पेट्रोसल खंडिका म्हणतात. हा खळगा आंतरकर्णाच्या पुढच्या अर्धवर्तुळाकार नलिकेच्या कमानीखाली असतो, आणि त्याच्या लॅटिन नावाचा अर्थही 'कमानीखालचा' असाच आहे. डोक्याचे वळणे टिपणारी नलिका आणि नजर स्थिर ठेवण्यात भाग घेणारी मेंदूची खंडिका, अशी ही विलक्षण जवळीक आहे. अर्थात या जवळिकीचा कार्याशी काही संबंध असलाच पाहिजे असे नाही, कारण नलिकेतील संदेश चेतेच्या वाटेने मस्तिष्कस्तंभात जाऊनच अनुमस्तिष्काकडे येतात. जतन केलेल्या नमुन्यातून मेंदू बाहेर काढताना हा देठ सर्रास तुटतो. माझ्या हातून पहिल्यांदा असे झाले, तेव्हा मेंदू ताटलीत ठेवून मी समाधानाने पाहत होतो आणि दोन्ही पेट्रोसल खंडिका कवटीतच राहिल्या होत्या. ज्या आकृत्यांत माकडाचे अनुमस्तिष्क बाजूंनी गुळगुळीत आणि आटोपशीर दिसते, त्यांतील काही आकृत्या अशाच अपुऱ्या नमुन्यांवरून काढल्या असाव्यात अशी मला शंका आहे. नमुना पुरा हवा असेल तर आधी हाड कोरून खळगा मोकळा करावा लागतो. त्याला वेळ लागतो, पण दुसरा उपाय नाही.

फ्लॉक्युलस आणि पॅराफ्लॉक्युलस नेमके काय करतात, हे १९८१ साली डेव्हिड झी आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. हे दोन्ही भाग काढून टाकल्यावर माकडांना हलत्या वस्तूमागे नजर सहजपणे नेता येईना, आणि बाजूला वळवलेली नजर तिथेच धरून ठेवता येईना. डोळा हळूहळू मध्याकडे सरकत येई. या ज्ञानाची किंमत प्राण्यांनी मोजली आहे. वर्गात हे निष्कर्ष सांगताना मी ती गोष्ट कधीच गाळत नाही.

सूक्ष्मरचनेत फारसे नवे सांगण्यासारखे नाही, कारण तीन थरांची मांडणी सर्व सस्तन प्राण्यांत सारखीच आहे. बाहेर विरळ पेशींचा थर, मध्ये पुर्किन्ये पेशींची एकेरी रांग, आत कणपेशींची गर्दी. पुर्किन्ये यांनी १८३७ साली ज्या पेशींचे वर्णन केले, त्यांच्या वृक्षिका, म्हणजे संदेश घेणाऱ्या फांद्या, भिंतीला टेकवून वाढवलेल्या वेलीसारख्या एकाच प्रतलात पसरतात, आणि कणपेशींचे समांतर तंतू घडीच्या लांबीने जात त्या प्रतलाला काटकोनात छेदतात.

अनुमस्तिष्काच्या आतल्या खोल केंद्रकांत, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यांत, मात्र पुन्हा थांबावे लागते. ऱ्हीससमध्ये मध्याकडून बाहेर जाताना फास्टिजियल, मग पुढचे आणि मागचे इंटरपोझिटस, आणि शेवटी डेंटेट अशी रांग लागते. मानवात ज्यांना एम्बोलिफॉर्म आणि ग्लोबोज म्हणतात, ती दोन केंद्रके येथे इंटरपोझिटसच्या दोन भागांच्या रूपाने असतात. डेंटेटची चुरगळलेल्या पिशवीसारखी भिंत माकडातही आहे, पण तिच्या सुरकुत्या कमी आहेत. या डेंटेटने आपली एक जुनी समजूत बदलली. १८९१ साली लुइजी लुचानी यांनी कुत्रे आणि माकडे यांच्यावरील प्रयोगांतून अनुमस्तिष्क गेल्यावर स्नायूंचा ताण, जोर आणि स्थैर्य कमी होते असे मांडले. त्यानंतर दीर्घकाळ हा अवयव केवळ हालचालींचा मानला गेला. पीटर स्ट्रिक आणि सहकाऱ्यांनी कॅपुचिन माकडांत विषाणूंचा उपयोग खुणेसाठी केला. हे विषाणू एका चेतापेशीतून तिला संदेश देणाऱ्या मागच्या पेशीत शिरतात, त्यामुळे संदेशाची वाट उलट दिशेने शोधता येते. १९९४ साली या गटाने दाखवले, की डेंटेटच्या खालच्या भागातून निघालेली वाट थॅलॅमस या मेंदूच्या मध्यभागातील केंद्रामार्गे प्रमस्तिष्काच्या पुढच्या खंडातील शेहेचाळिसाव्या क्षेत्राकडे, म्हणजे विचार आणि स्मरण यांच्याशी निगडित भागाकडे जाते. २००३ साली केली आणि स्ट्रिक यांनी रेबीजचा विषाणू वापरून आणखी एक पायरी मागे जाऊन पाहिले. हाताच्या हालचालींच्या बाह्यकाशी जोडलेल्या पुर्किन्ये पेशी मुख्यत्वे चौथ्या ते सहाव्या खंडिकांत सापडल्या, तर शेहेचाळिसाव्या क्षेत्राशी जोडलेल्या पेशी मुख्यत्वे क्रुस दोनमध्ये. बोल्क यांच्या फाशाचेच हे एक अंग. मानवात गोलार्ध फुगले आहेत ते प्रामुख्याने याच फाशाच्या दोन्ही अंगांमुळे. म्हणूनच गोलार्धांच्या आकारातील फरक केवळ मापाचा मानणे मला मान्य होत नाही.

जातींमधील फरकाची आणखी दोन उदाहरणे मला फार आवडतात. मार्मोसेटचे प्रमस्तिष्क जवळजवळ गुळगुळीत असते, पण त्याच्या अनुमस्तिष्कावर घड्या व्यवस्थित असतात. मेंदूच्या एका भागाला सुरकुत्या पडल्या म्हणून दुसऱ्याला पडतात असे नाही, हे त्यातून कळते. दुसरे उदाहरण स्पायडर मंकीचे. हे माकड शेपटीने फांदी पकडते आणि शेपटीचा पाचव्या हातासारखा उपयोग करते. १९४९ साली चँग आणि रुच यांनी या माकडाच्या मेरुरज्जूच्या शेपटीकडील भागातून निघणाऱ्या तंतूंचा माग काढला, तेव्हा ते लिंग्युलापर्यंत, म्हणजे लार्सेल यांच्या पहिल्या भागापर्यंत पोहोचत असल्याचे दिसले. मानवात ही लिंग्युला म्हणजे एक चपटी, सहज नजरेतून निसटणारी घडी आहे. आकडा तोच, पण त्या आकड्याखाली चाललेले काम प्राण्याच्या देहानुसार ठरते.

पेट्रोसल खंडिकेच्या खळग्याची कथाही अशीच जातींमधून फिरते. मकाकमध्ये तो आहे, शेपटी नसलेल्या गिबनमध्ये आहे, आफ्रिकेतील प्रोकॉन्सल या पुरातन कपीच्या (बिनशेपटीच्या वानरसदृश प्राण्याच्या) जीवाश्मातही आढळतो. ओरांगउटान, गोरिला आणि चिंपँझी यांच्यात मात्र तो बुजलेला असतो. मोठ्या आकाराच्या कपींत खंडिका लहान झाली म्हणून हाड भरले, की हाड जाड झाले म्हणून खंडिका मागे हटली, याविषयी मी विद्यार्थ्यांना ठाम उत्तर देत नाही.

अलीकडे मी त्या प्रात्यक्षिकात तिसरे हाड ठेवू लागलो आहे. पूर्ण दिवसांच्या मानवी गर्भाची शंखास्थी ती. प्रौढ मानवी कवटीत जिथे फट असते, तिथे या लहानग्या हाडात खळगा अजून उघडा आहे आणि तारेचे टोक माकडाच्या हाडात शिरते तसेच त्यातही शिरते. फरक इतकाच, की या खळग्यात अनुमस्तिष्काची खंडिका कधीच आलेली नसते. तिथे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाचा एक दुमड आणि काही बारीक रक्तवाहिन्या असतात, आणि वयाबरोबर हाड वाढत जाऊन तो जवळजवळ मिटतो.